उरणला सोडलेला सोमवार

नवी मुंबईतल्या माणसाला उरणला जाणं इतकं सोपं आहे की तो कधी जातच नाही. जुईनगरला राहायला येऊन मलाही बरीच वर्षं झाली, पण उरण मी फक्त बसच्या पाटीवर वाचलं होतं. गेलो तो गेल्या मार्गशीर्षात, आणि तेही उरण बघायला नव्हे. घरात आलेली मुलगी घर सोडून जाऊ नये, म्हणून गेलो.

ही मुलगी डेन्मार्कची. मुलांना वर्षभर परक्या देशात, परक्या कुटुंबात ठेवून तिथल्या शाळेत घालणारं एक मंडळ आहे. आमची सुवर्णा गेल्या वर्षी अकरावी त्यांच्यातर्फे तिकडे करत होती. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून हे जमलं, एरवी पावणे गावच्या कारखान्यातल्या माझ्यासारख्या हेडक्लार्कच्या मुलीने विमान खालूनच बघायचं. ज्यांचं मूल बाहेर जातं त्यांनी बाहेरचं एक मूल घरी ठेवून घ्यायचं, असा मंडळाचा नियम. त्याप्रमाणे जूनमध्ये सतरा वर्षांची ही मुलगी आमच्याकडे आली. कागदावर इंग्रजीत लिहिलेलं तिचं नाव मी वाचलं, ‘मरेन’. ती स्वतः म्हणाली, ‘मारेन’. आता दिवेलागणीला दारात उभं राहून ‘मरेन, मरेन’ अशी हाक कोण मारणार? आणि ‘मारेन’ म्हणून ओरडावं तर सोसायटी गोळा व्हायची. आमच्या मंडळींनी, म्हणजे सुवर्णाच्या आईने, पहिल्याच संध्याकाळी तिचं नाव मीरा ठेवलं. मला ते फार आवडलं. देवाच्या भक्ताचं नाव घरात आपोआप घेतलं जाईल, असं वाटलं.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या एका खोलीच्या शाळेत फळ्यावर कायम ‘अतिथी देवो भव’ लिहिलेलं असायचं. त्यामुळे पाहुणीचं करायचं काय, हे मला शिकवावं लागलं नाही. वाशीच्या भांड्यांच्या दुकानातून तिच्यासाठी नवं ताट, वाटी, तांब्या-पेला आणला आणि दुकानातच त्यावर ‘मीरा’ असं नाव घालून घेतलं. तिने काडी इकडची तिकडे करायची नाही, असा दंडक होता. ती ताट उचलून मोरीकडे निघाली की मंडळी धावत जाऊन तिच्या हातातून घेत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आली की आम्ही दोघंही म्हणायचो, “तू बस गं, तू बस.” दुसरीकडे सुवर्णा फोनवर सांगत होती, की ती तिथे भांडी घासते, कुत्र्याला फिरवते, कचऱ्याचा डबा बाहेर नेऊन ठेवते. मला राग आला होता. आमच्या मुलीला तिथे कामाला लावतात हे नियमात बसतं का, असं मी मंडळाच्या बाईंना विचारलंसुद्धा होतं.

त्याच बाईंचा एका शुक्रवारी ऑफिसात फोन आला. “मोहनराव, मुलीला घर बदलून हवंय. तक्रार काहीच सांगत नाही. तुमच्याबद्दल चांगलंच बोलते. पण बदलून हवंय.” नाताळच्या सुट्टीनंतर त्या घरी येऊन काय ते ठरवणार होत्या.

दिवसभर माझे हिशेब जुळेनात. आम्ही काय कमी केलं? सोसायटीत काय सांगायचं? मुलगी समुद्राकाठच्या गावची. समुद्र दाखवला तर मन रमेल, एवढंच सुचलं. उरणला सदानंदराव आहेत. आम्ही पावण्याला बारा वर्षं शेजारच्या टेबलांवर काम केलं, मग कंपनीने त्यांना तिकडच्या गोदामावर पाठवलं. तेव्हापासून दर थंडीत त्यांचं एकच वाक्य असतं, “मोहनराव, पोपटी खायला या की एकदा.” मी एकदाही गेलो नव्हतो.

आम्ही सोमवारी निघालो. रविवारी एसटीला गर्दी असते, म्हणून रजा काढली, असं मी मंडळींना सांगितलं. सोमवारी माझा उपास असतो हे सांगायची गरज नव्हती. ते सगळ्यांनाच माहीत आहे.

तुम्हाला जायचं असेल तर बेलापूरहून सकाळची उरण एसटी धरा आणि उजवीकडची खिडकी पकडा. तिकीट दहा रुपयांच्या आसपास आहे. उरण फाटा मागे पडला की इमारती एकदम संपतात आणि खाडीची हवा अंगावर येते. गव्हाण फाट्यापासून पुढे मिठागरं लागतात. उन्हात मिठाचे ढीग डोळ्यांत भरतात. जासईनंतर मात्र बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या ट्रेलरांची रांग सुरू होते. तिथे एसटी मुंगीसारखी चालते. धूळ भयंकर असते, नाकाला बांधायला रुमाल हवाच.

कंडक्टरने मुलीकडे बघून मला विचारलं, “एलिफंटा काय?”

“नाही, उरण.”

“उरनला काय हाय बघन्यासारखं?”

“समुद्र हाय ना!” मुलगीच म्हणाली. कॉलेजातल्या पोरींकडून उचललेला तिचा ‘हाय’ ऐकून पुढच्या बाकावरच्या दोन मासळीवाल्या बायका टोपल्या सांभाळत हसल्या.

“फॉरेनची आपल्यापेक्षा शानी हाय,” एकीने कंडक्टरला टोमणा मारला. “तुला रोज जाऊन दिसला नाय समुद्र.”

उरण स्टँडवरून सहा आसनी रिक्षाने केगावला गेलो. तिथे अगदी किनाऱ्यावर महादेवाचं देऊळ आहे. भरतीला लाटा पायऱ्यांच्या जवळ येतात, ओहोटीला खडक उघडे पडतात. ओहोटीची वेळ विचारून जा, म्हणजे खडकांवरून लांबपर्यंत चालता येतं. सोमवार असून देवळात फक्त गुरवाची म्हातारी होती. मुलीने सँडल काढले आणि दाराबाहेर थांबून मला विचारलं, “काका, मी आत येऊ?”

म्हातारीच म्हणाली, “आत ये. देव काय खातो का तुला?”

घरी देवांची खोली म्हणजे स्वयंपाकघरच. मुलगी तिथे असंच थांबायची आणि हेच विचारायची. मग आम्ही म्हणायचो, “तू बस गं.” त्या वेळी मात्र हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी पिंडीवर बेल वाहिला आणि मुलगी राहू दे म्हणून मागणं मागितलं. खरं सांगायचं तर ते मुलीसाठी नव्हतं, आमच्या नावासाठी होतं. मागून झाल्यावर ते माझंच मला कळलं, आणि नमस्कार आवरता घेतला.

दुपारी उरणच्या बाजारात तिला एका खानावळीत बोंबील-भाताचं ताट खाऊ घातलं. तीसएक रुपयांत पोटभर मिळतं. तिने काटेसुद्धा चोखले. मी समोर बसून दोन केळी खाल्ली. आमच्याकडे मासे-मटण होत नाही. सहा महिन्यांत तिने ते मागितलंही नव्हतं.

चारच्या सुमाराला आम्ही नागाव रस्त्यावरच्या सदानंदरावांच्या घरी पोचलो. माझा बेत साधा होता. तासभर बसायचं, साडेपाचची गाडी धरायची आणि उपास घरी जाऊन सोडायचा.

घर बैठं, पुढे ऐसपैस अंगण. दारातून समोरच्या भिंतीवरची बुद्धाची तसबीर दिसत होती. वहिनी माहेरी गेल्या होत्या. घरात त्यांची आई आणि, मी आधी कळवलं होतं म्हणून रजा काढलेले, सदानंदराव. आई महाडकडच्या, सत्तरीच्या, पण आवाज खणखणीत. त्यांनी मुलीचा हात धरूनच तिला पायरीवर बसवलं.

“नाव काय गं बाय तुजं?”

“मीरा,” मी सांगितलं.

“तिला इचारलं मी.”

मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “मारेन.”

“मारेन? मग ह्याला मार आदी!” त्यांनी सदानंदरावांकडे बोट केलं. “दोन म्हैनं झालं, पडवीचा पत्रा लावीत नाय.”

मुलगी हसली. आमच्याकडे ती बरेचदा हसायची, पण ते हसणं असं पोट धरून वाकायला लावणारं नसायचं.

तिचं हसू संपायच्या आत आईंनी तिच्यापुढे वालाच्या शेंगांचं पोतं ओतलं. “निवड. किडक्या ह्या टोपलीत टाक.”

मी उठलोच. “अहो आई, ती पाहुणी आहे.”

“मग? पाव्हनीला हात नसत्यात?”

पुढचा तासभर मी खुर्चीवर बसून माझ्या घरची पाहुणी बघत होतो. तिने शेंगा निवडल्या, दोन खेपा घालून पाणी आणलं, गोवऱ्या रचल्या, कपाळाला काजळी लावून घेतली. आई तिच्यावर मधूनमधून खेकसत होत्या. “अगं पानी सांडतीस! डोळं कुठं हायत?” आणि ती “सॉरी आजी, टेन्शन नको” म्हणत पुन्हा सांडत होती.

पोपटी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला घालतात. त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे भरतात. तोंडाला पुन्हा पाला दाबतात, मडकं उपडं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंब नाही. उरण-अलिबागकडे हे फक्त थंडीत मिळतं, हॉटेलात मिळत नाही, कुणीतरी बोलवावं लागतं. बरेच लोक आत अंडी आणि कोंबडीही घालतात. “आज तुमच्यासाठी नाय घातली,” सदानंदराव म्हणाले.

“माझा सोमवार आहे, सदानंदराव,” मी म्हटलं.

आई जाळ सारखा करत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “उपास देवाचा, का आमचा?”

“आय!” सदानंदराव ओरडले.

“इचारलं नुस्तं. सोमवार तिनीसांजंला सोडत्यात ना? पोपटी बी तवाच व्हती. जमलं की.”

मी घड्याळाकडे पाहिलं. गाडीचं काही बोलणार तोच मुलगी म्हणाली, “काका, राहू या आज. प्लीज.” सहा महिन्यांत तिने आमच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून मी जुईनगरच्या शेजाऱ्यांकडे फोन करून मंडळींना फोनवर बोलावून घेतलं. राहतोय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “अहो, मग जेवणाचं काय?” त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं. मी म्हटलं, “बघू.”

दिवेलागणीला मडकं फोडलं आणि ओव्याचा वास अंगणभर झाला. सदानंदरावांनी आतून ताटांची चळत आणून ठेवली. सगळी सारखी, जुनी, कडा वाकलेली. मुलगी त्यांच्यापुढे उभी राहिली.

“माझं ताट कुठलं?”

“घे कुठलं बी,” आई म्हणाल्या.

“नाही, माझं. घरी माझं ताट वेगळं आहे. त्याच्यावर मीरा लिहिलंय. तांब्या पण वेगळा. दुसरं कोणी घेत नाही.” मराठीत एवढं लांब बोलता आलं याचा तिला आनंद झाला होता. तो तिच्या तोंडावर दिसत होता.

मी जाळाकडे बघत राहिलो.

मग आई हसल्या. “बरं केलंत, नाव घातलंत. आमच्या गावाला चहाच्या हाटेलात आमचा कप येगळा असायचा. भायेर, खिळ्याला. नाव कोन घालतंय? कान मोडका बघून वळखायचा.”

“आय, पुरे,” सदानंदराव म्हणाले. रागाने नाही. पाहुण्याची लाज झाकायला माणूस जसं बोलतो तसं म्हणाले.

मुलगी मला विचारत होती, “काका, आजी काय म्हणाली?”

मी इंग्रजीत सांगितलं, “त्यांच्या गावी हॉटेलात चहाचा कप मोडका असायचा.” त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

सदानंदरावांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ते शेंगा वाढायला लागले.

माझा सोमवार मी त्या अंगणात सोडला. बारा वर्षं शेजारी बसलेल्या माणसाच्या घरी पहिला घास घेतला, तोही माझं कारण सूर्याबरोबर बुडालं म्हणून. शेंगा सोलून तोंडात टाकल्या. गरम, धुरकट, ओव्याची चव. इतकं चांगलं मी त्या महिन्यात काही खाल्लं नव्हतं, आणि तेही मनाला लागत होतं. आई विचारत होत्या, “आनखी?” मी मान हलवत होतो. त्या वाढत होत्या. आमच्या घरी पाहुण्याला देतात तो मान त्यांना ठाऊक नसेलही, पण त्यांनी मला पाहुणा केलं नाही. बोलूनही घेतलं, वाढूनही दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरा बंदरावर गेलो. इथून भाऊच्या धक्क्याला लाँच सुटतात, पण ओहोटीला कधी थांबून राहाव्या लागतात, वेळ हातात ठेवून जा. धक्क्याच्या टोकाला बसलं की समोर घारापुरी दिसते. मुलगी शेजारी खारे शेंगदाणे खात बसली होती.

“काका,” ती म्हणाली, “कपाची गोष्ट सदानंदकाकांनी मला सकाळी पूर्ण सांगितली. मी विचारलं म्हणून.” मग शब्द शोधत, निम्मं इंग्रजीत, तिने विचारलं, “माझं ताट तसं आहे?”

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. समोर समुद्र होता, कालचा नमस्कार अर्धा राहिला होता. म्हटलं, “आणलं तेव्हा मानाने आणलं होतं. ते खरं आहे. पण आमच्या ताटांत मिसळू दिलं नाही. तुला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. ते मानाने, की आणखी कशाने, हे मला सांगता येत नाही. मी स्वतःला कधी विचारलंच नाही.”

तिने शेंगदाण्यांची पुडी मिटली. मग म्हणाली, “आमच्याकडे पाहुणा दोन दिवस असतो. वर्षभर पाहुणी ठेवली म्हणजे मला वाटलं, तुम्ही मी कधी जाते याची वाट बघता. सुवर्णा तिकडे भांडी घासते ना? मला तिचा हेवा वाटतो.”

ज्याबद्दल मी तक्रार केली होती, त्याचा तिला हेवा वाटत होता. फळ्यावरचं ते वाक्य मी लहानपणापासून गिरवत आलो. पण देवाचं आपण काय करतो? देव्हाऱ्यात बसवतो, नैवेद्य दाखवतो, हात जोडतो आणि दार लावून घेतो. तसंच पोरीचं केलं होतं. परतीच्या गाडीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली. राहणार की जाणार, हे तिने सांगितलं नाही. विचारायचा हक्क मला आहे असं वाटलं नाही.

घरी आल्यावर सगळं मंडळींना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. “म्हणजे त्यांच्यात जेवलात,” त्या आधी एवढंच म्हणाल्या. मग म्हणाल्या, “मी काही तशा मनाने वेगळं ठेवलं नव्हतं हो.” आणि थोड्या वेळाने, सूप खाली ठेवून, “ठेवलं होतं का?”

सुट्टी संपल्यावर मंडळाच्या बाई आल्या. आम्ही दोघं कोर्टात उभं राहिल्यासारखे भिंतीला टेकून उभे. “काय ठरवलंस?” बाईंनी तिला विचारलं. “इथे छान आहे का आता?”

मुलगी विचार करून म्हणाली, “छान नाही. पण राहते.”

बाईंना हसू आलं. आम्हाला आलं नाही. ती निघून गेली असती तर आम्ही ‘कॉलेज लांब पडत होतं’ असं सगळ्यांना सांगून मोकळे झालो असतो. आता ते करता येत नव्हतं.

दुसऱ्याच्या पोरीला काम सांगणं सोपं नसतं. “जरा पाणी आण गं,” हे मंडळींच्या ओठावर यायला आठवडा गेला, आणि आलं तेव्हा पुढे “बाळा, जमेल का?” असं जोडलेलं होतं. मग एका सकाळी मारेनला दुधाजवळ उभं करून मंडळी देवपूजेला बसल्या. पोरगी खिडकीतून कबुतरं बघत राहिली. सगळं दूध ओट्यावर. मंडळी पूजेवरून तशाच उठल्या, “फुटले का गं डोळे तुझे! एक काम धड होत नाही!” आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मी पेपर टाकून धावलो. मारेन हातात फडकं घेऊन उभी होती आणि तिचा चेहरा उजळला होता. “काका,” ती म्हणाली, “काकू माझ्यावर ओरडली!”

तिने मेपर्यंत पुष्कळ बोलणी खाल्ली आणि गेली तेव्हा मंडळींच्या गळ्यात पडून रडली. लोक म्हणतात, परक्या मुलीला किती लळा लावलात. मी ऐकून घेतो. त्यातलं निम्मं वर्ष आमचं नव्हे, उरणच्या त्या अंगणाचं आहे, हे चारचौघांत बोलायला मला अजून जड जातं. म्हणून इथे लिहिलं.

उरणला जरूर जा. समुद्र चांगला आहे, थंडीत गेलात तर पोपटी मिळेल. आम्ही सदानंदरावांना आणि आईंना जुईनगरला जेवायला बोलवायचं ठरवलं आहे. मंडळी म्हणतात, “येत्या रविवारी बोलवू या.” रविवार येतो आणि जातो. त्या पुन्हा म्हणतात, “येत्या रविवारी.” मी ‘हो’ म्हणतो. फोन करायला अजून दोघांपैकी कुणी उठलेलं नाही.